पिलिडियमचं मॉडेल : कामाच्या नोंदी

५ नोव्हेंबर
काम पक्कं झालं. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी समुद्री रिबन वर्मच्या अळीचं मोठं मॉडेल हवंय. हृदय, मूत्रपिंड, बेडकाची पचनसंस्था ही मॉडेलं मी डोळे मिटून करतो, पण ही अळी माझ्या हाताखालून कधी गेलेली नाही. मॅडमना म्हटलं, पुण्यात बसून समुद्रातली अळी कशाला? हायड्रा घ्या. तो इथल्या गोड्या पाण्यात मिळतो, आघारकर संस्थेत त्याच्यावर काम चालतं. त्या म्हणाल्या, "हायड्रा मुलांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलाय. जे त्यांना इथे बघायलाच मिळणार नाही, त्याचं मॉडेल करायचं ना?" मुद्दा बिनतोड. ॲडव्हान्स घेतला.

८ नोव्हेंबर
मॅडमनी दिलेले शोधनिबंध आणि आकृत्या घेऊन बसलो. आधी मोठ्या प्राण्याची ओळख. रिबन वर्म म्हणजे नेमर्टिया हा संघ, सुमारे १३०० जाती, बहुतेक समुद्रातल्या. अंग मऊ, वलयं नाहीत. तोंड आहे, गुदद्वार आहे, बंद रक्तवाहिन्या आहेत, मेंदू आहे. आणि अन्ननलिकेच्या वर स्वतःच्या वेगळ्या, द्रवाने भरलेल्या पोकळीत ठेवलेली सोंड. भक्ष्य दिसलं की स्नायू त्या द्रवावर दाब देतात आणि सोंड आतली बाजू बाहेर करत झपकन उलटते. शिकारी प्राणी आहे, दिसतो तेवढा गरीब नाही.

आपलं काम याच्या बालपणाचं. संघातल्या एका मोठ्या गटाची अळी म्हणजे पिलिडियम. १८४७ मध्ये योहानेस म्युलरने उत्तर समुद्रातल्या पाण्यातून तिचं वर्णन केलं, तेव्हा तो स्वतंत्र प्राणीच समजला गेला. त्यात नवल नाही. पिलिडियमकडे बघून कृमीची आठवणसुद्धा येत नाही. ती सरळ सरळ कानटोपी आहे : वर घुमट, दोन बाजूंना खाली लोंबणारे दोन कान, पुढे एक पाळी, मागे एक पाळी. घुमटाच्या टोकावर लांब सिलियांचा, म्हणजे केसांसारख्या हलत्या तंतूंचा झुबका. कानांच्या आणि पाळ्यांच्या कडेने सिलियांचा सलग पट्टा. टोपीच्या आतल्या पोकळीत छताला तोंड, त्याच्या वर जठर. जठराला पुढे वाट नाही, पिशवी तिथेच बंद. टोकावरच्या झुबक्यापासून तोंडाच्या बाजूला एक स्नायू उतरतो.

सगळं पारदर्शक. माझी डोकेदुखी इथून सुरू.

१२ नोव्हेंबर
प्रमाण ठरवलं : ५०० पट. कारण सोयीचं आहे. ज्या जातीवरून मॉडेल करतोय ती मॅक्युलॉरा अलास्केन्सिस, ओरेगॉनच्या किनाऱ्यावर सापडणारी. तिचं अंडं साधारण ७५ मायक्रोमीटरचं. ५०० पटीने ते ३७ मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे टेबल टेनिसचा चेंडू जवळजवळ तसाच्या तसा चालून जातो. मिलिमीटरच्या आतली अळी चाळीसेक सेंटिमीटरची होते, दोन हातांत धरता येते. शेजारी माणसाचा केस याच प्रमाणात ठेवायचा, म्हणजे चार सेंटिमीटर जाडीचा पाइप. नळकामाच्या दुकानातून तुकडा आणून काळा रंगवला. मुलांना 'सूक्ष्म' हा शब्द ऐकवण्यापेक्षा हा पाइप हातात द्यावा.

१८ नोव्हेंबर
आज खरं काम कळलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पाठ्यपुस्तकात पिलिडियमची एकच आकृती असते : टोपी, आणि आत तयार कृमी. ती बघून वाटतं की कृमी आत कुठूनतरी वाढला, जसं गर्भाशयात मूल वाढतं. तसं मुळीच नाही. कृमी तुकड्या-तुकड्यांनी जमतो, आणि ते तुकडे अळीच्या त्वचेतून येतात.

अळीच्या बाहेरच्या त्वचेला ठरावीक जागी आतल्या बाजूला खळगा पडतो. खळगा खोल होतो, त्याचं तोंड मिटतं, आणि तो त्वचेपासून सुटून आत एक बंद पिशवी होऊन राहतो. याला इमॅजिनल डिस्क म्हणतात. पहिली जोडी डोक्याची, मग धडाची, मग सेरेब्रल ऑर्गनची. मोठ्या कृमीच्या डोक्याशी असणारं, पाण्यातल्या रसायनांचा वास घेणारं जे इंद्रिय, ते या तिसऱ्या जोडीतून होतं. झाल्या तीन जोड्या, सहा पिशव्या. शिवाय दोन एकेकटे भाग : सोंडेचा अंकुर आणि पाठीची डिस्क. हे दोन खळग्यातून होत नाहीत आणि त्यांना पोकळीही नसते. एकूण आठ तुकडे.

आता गंमत. प्रत्येक पिशवीला दोन भिंती आहेत. जठराकडची भिंत जाड होत जाते, तीच पुढे कृमीची त्वचा. बाहेरची पातळच राहते, ती होते ॲम्निऑन, म्हणजे कृमीभोवतीचं आवरण. पिशव्या पसरत जातात, जठराभोवती एकमेकींना मिळतात, आधी जठराला वेढणारं कडं तयार होतं, मग पाठीकडून उरलेला भाग झाकला जातो. सगळ्या पिशव्यांच्या पोकळ्या एक झाल्या की कृमी त्या एका मोठ्या पोकळीत अंग सोडवून पडलेला असतो. म्हणजे जी जागा आज अळीच्या आत, अगदी पोटाशी दिसते, ती मुळात बाहेरच होती. समुद्राला लागून असलेली त्वचा आत गेली आणि तिचा कृमी झाला.

हे एका मॉडेलमध्ये दिसणं शक्य नाही. मॅडमना फोन करून सांगितलं, चार लागतील : खळगे पडतानाची, पिशव्या सुट्या झालेली, कडं झालेली, आणि कृमी पूर्ण झालेली. बजेट एकाचंच आहे. त्या म्हणाल्या, "बघू." पुण्यात 'बघू' म्हणजे नाही, पण मॅडम कोल्हापूरच्या आहेत.

२१ नोव्हेंबर
चार मंजूर. मोठं एक, बाकी तीन निम्म्या आकाराची. प्रमाणाची पाटी प्रत्येकाला वेगळी लावायची.

२६ नोव्हेंबर
पारदर्शक रेझिन ओतून एक नमुना पाहिला. जाड ओतलं की हार्डनरची उष्णता आतच कोंडते, पिवळं पडतं, चरे जातात. पातळ थर देत गेलं तर काम होतं, पण चाळीस सेंटिमीटरचा ठोकळा उचलणार कोण? आणि ठोकळा खोटाही ठरला असता. पिलिडियम भरीव नसते. बाहेर पेशींचा पातळ पापुद्रा, आत जेलीने भरलेली जागा, त्यात विरळ पेशी, थोडे स्नायू. म्हणून कवच पोकळ हवं. भोसरीला पाट्या आणि दुकानांची अक्षरं करणारे एक जण ॲक्रिलिकचा पत्रा तापवून लाकडी साच्यावर ओढून देतात. घुमट आणि दोन्ही कान त्यांच्याकडून, डावं-उजवं अशा दोन भागांत. मध्ये बिजागरी. उघडलं की आतलं सगळं हाताला लागलं पाहिजे.

पिशव्यांसाठी सिलिकॉन. जाड भिंत नारिंगी, पातळ भिंत जवळजवळ बिनरंगी. हा फरक दिसला नाही तर सगळा खटाटोप वाया.

३ डिसेंबर
गणपतीच्या कारखान्यातल्या काकांकडे गेलो. सीझन संपलेला, पेणहून कच्च्या मूर्ती यायला अवकाश, त्यामुळे त्यांना वेळ आणि मला जागा. शाडूत मूळ आकार घडवले. काकांनी रबराचा साचा दोन तुकड्यांत कसा सोडवायचा ते सुचवलं : धडाच्या डिस्कना मागे वळण आहे, सरळ ओढलं तर साचा फाटेल.

सोंड मात्र त्यांनी माझ्या हातून काढून घेतली. "सोंड आम्हाला शिकवू नका." खरंच सुरेख केली. फक्त त्यांना डावी की उजवी हे विचारायचं होतं. म्हटलं, काका, ही मधोमध, पाठीच्या बाजूने, आणि आत घडी घातलेली. त्यांनी मान डोलवली, पण समाधान झालेलं दिसलं नाही.

दिशेचं एक इथेच लिहून ठेवतो, पुन्हा गोंधळ नको. टोपीचा अक्ष उभा, कृमीचा आडवा. कृमीचं डोकं पुढच्या पाळीकडे, शेपूट मागच्या पाळीकडे. अळीचं 'वर' म्हणजे झुबका, त्याचा कृमीच्या डोक्याशी संबंध नाही. पहिली गोष्ट जी बघणारा चुकीची धरेल ती हीच, म्हणून तळाच्या फळीवर दोन वेगळ्या रंगांचे बाण.

११ डिसेंबर
प्रदर्शन समितीची बैठक. एका सरांचा आग्रह की पाटीवर सुरवंट आणि फुलपाखराचं चित्र घ्यावं, 'लोकांना लगेच समजेल'. मी आणि मॅडम दोघंही विरोधात.

साम्य आहे, ते नाकारत नाही. माशीच्या अळीतही पंखांच्या, पायांच्या, डोळ्यांच्या डिस्क आधीपासून असतात आणि त्यांनाही इमॅजिनल डिस्क हेच नाव आहे. पाषाणला आयसरमध्ये फळमाशीवर काम करणारी मॅडमची माजी विद्यार्थिनी आली होती. तिनेच फरक नेमका मांडला : माशी कोष करते. हालचाल थांबते, खाणं थांबतं, जुन्या ऊती आतल्या आत विरघळतात, आणि त्या बंद खोलीत नवं शरीर उभं राहतं. पिलिडियमला कोष नाही. आत कृमी पूर्ण होत आला तरी बाहेरची अळी पोहत असते, एकपेशीय शैवाल पकडून खात असते. आणि दोघांच्या पूर्वजांचा इतिहासही इतका लांबचा की ही पद्धत दोन ठिकाणी स्वतंत्रपणे आली असंच मानावं लागतं. फुलपाखरू दाखवलं की बघणारा 'हां, माहितीये' म्हणून पुढे सरकतो. मला तो थांबायला हवाय.

चित्र वगळलं. सर नाराज. चहा मात्र त्यांनीच पाजला.

२० डिसेंबर
सिलिया. एका सिलियमची जाडी पाव मायक्रोमीटरच्या आसपास, ५०० पटीने मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकी. रविवार पेठेत मासेमारीच्या सामानाच्या दुकानात सगळ्यात बारीक तंगूस मागितला. दुकानदार म्हणाला, "याने मासा धरायचा म्हणजे तो फारच समजूतदार पाहिजे." घेतला. कडेच्या पट्ट्यावर दाट, दोन्ही कानांवर जास्त, झुबक्याला लांब तुकडे. काम कंटाळवाणं आहे. रेडिओ लावून करतोय.

हा पट्टा नुसती सजावट नाही. त्याच्यावर पोहणं आणि खाणं दोन्ही चालतं. सिलियांनी पाणी कानांच्या मधल्या पोकळीकडे ओढलं जातं, शैवालाची पेशी तिथे आली की तोंडातून जठरात. प्रयोगशाळेत त्यांना ऱ्होडोमोनास नावाचं शैवाल खायला घालतात. न पचलेलं त्याच वाटेने बाहेर.

६ जानेवारी
चौथं मॉडेल, कृमी बाहेर पडतानाचं. मॅक्युलॉराच्या अंड्यापासून इथवर प्रयोगशाळेत साधारण पाच ते आठ आठवडे लागतात. हा सगळा क्रम स्वेत्लाना मास्लाकोव्हा यांनी २०१० मध्ये तपशिलाने प्रसिद्ध केला, तेव्हा जातीचं नाव मायक्रुरा अलास्केन्सिस होतं. २०१५ मध्ये गट वेगळा काढून मॅक्युलॉरा केलं. जुन्या आकृत्यांवर जुनं नाव आहे, पाटीवर नवंच टाकतोय.

आठवडेच्या आठवडे चाललेलं काम संपतं काही मिनिटांत. कृमी ॲम्निऑन आणि अळीची त्वचा फोडून बाहेर येतो आणि येता येता अळीचं शरीर खाऊन टाकतो. कान, पाळ्या, पट्टा, सगळं. शास्त्रीय भाषेतही याला आपत्तीजनक रूपांतर म्हणतात.

समितीतून सूचना : 'खातो' ऐवजी 'सामावून घेतो' लिहा, लहान मुलं येणार. मी नकार दिला. लहान मुलांना खाण्याचं काही वाटत नाही, वाटतं ते मोठ्यांना. खातो म्हणजे तोंडाने गिळतो, आणि ते जठरात जातं. मॉडेलमध्ये अळीचा उजवा कान अर्धा कृमीच्या तोंडात दाखवलाय.

एक गोष्ट मात्र तो खात नाही : जठर. अळीचं जठर तेच कृमीचं जठर. आठही तुकडे त्याच्याभोवतीच जमलेले असतात, म्हणून चारही मॉडेलांत जठराचा हिरवा रंग एकच ठेवलाय. बाकी सगळं बदलतं, तो हिरवा गोळा जागेवर. मेंदू बदलतो. अळीच्या मज्जातंतूंचं जाळं तिच्याबरोबरच जातं, कृमीचा मेंदू डोक्याच्या डिस्कमधून नव्याने झालेला असतो.

१९ जानेवारी
चित्रकार मुलाने पाटीवर सोंडेच्या टोकाला छान टोकदार काटा काढून आणला. काटा असतो, पण दुसऱ्या गटात, हॉप्लोनेमर्टियामध्ये. पिलिडियमवाल्यांच्या सोंडेला नसतो. खोडला.

समितीला '५५ मीटर लांबीचा प्राणी' ही पाटी सगळ्यात मोठी हवीय. १८६४ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला वादळानंतर किनाऱ्यावर आलेल्या लिनियस लाँगिसिमस या रिबन वर्मची ही नोंद. पण हे प्राणी रबराहून ताणतात, मेलेला ओढून मोजला की आकडा कुठेही जातो. लहान अक्षरांत, 'नोंदवलेली लांबी' असं लिहून घेतली. गर्दी त्या पाटीसमोरच होणार, हे माहीत आहे.

२ फेब्रुवारी
थोडी जागा उरली होती, तिथे एक फळी वाढवली. कारण सगळ्या नेमर्टियनना पिलिडियम नसते, आणि ज्या गटात असते तिथेही सगळ्यांना पोहणारी टोपी नसते. लिनियस व्हिरिडिस चिकट गोळ्यात अंडी घालतो. त्याची अळी, 'डेसोरची अळी' म्हणतात ती, त्या गोळ्यातच राहते, कान नाहीत, पाळ्या नाहीत, खात नाही. जवळच्याच लिनियस रुबरची अळी, श्मिटची, शेजारची भावंडांची अंडी खाऊन वाढते. जपानमधल्या मायक्रुरा अक्केशिएन्सिसची अळी इवाताची, ती पोहते पण खात नाही. टोपी गेली, अन्न बदललं, तरी कृमी तुकड्यांतूनच जमतो. बाह्यरूप सोडून दिलं तरी आतली रीत टिकली, हे मला या सगळ्या कामात सर्वांत आवडलेलं.

दुसऱ्या टोकाला कॅरिनोमा ट्रेमाफोरस. हा पिलिडियमच्या गटातला नाही, त्याची अळी साधी, हळूहळू कृमी होणारी. पण २००४ मध्ये दिसलं की तिच्या भ्रूणात मोठ्या पेशींचा एक पट्टा दडलेला आहे, गांडूळ-शिंपल्यांच्या नातेवाइकांच्या ट्रोकोफोर अळीला पोहायला असतो त्या पट्ट्याचा अवशेष. म्हणजे पिलिडियम ही या संघाची मूळ पद्धत नव्हे, एका शाखेने नंतर काढलेली. फळीवर हे डावीकडे ठेवलं, कारण मराठी वाचणारा डावीकडून सुरू करतो.

१३ फेब्रुवारी
चारही मॉडेलं जोडली. बिजागरी कुरकुरते. तेल.

२७ फेब्रुवारी
प्रदर्शनाचा पहिला दिवस. उद्या शाळांच्या बस खोडदला दुर्बिणी बघायला जाणार म्हणून सगळ्या आजच आल्या. लहान मुलांनी अळी-कृमी फटाफट उघड-बंद केली. दोन प्रश्न लिहून ठेवण्याजोगे.

सातवीतली एक मुलगी : "आत कृमी आहे हे अळीला कळतं का?" मॅडमनी खाली बसून तिला दोन्ही मज्जासंस्था बोटाने दाखवल्या आणि सांगितलं की अळीचं जाळं सिलिया हलवण्यापुरतं, पोहण्या-खाण्यापुरतं आहे, कळणं म्हणावं असं त्यात काही नाही. मुलगी म्हणाली, "म्हणजे बरं आहे."

दुसरे सदाशिव पेठेतले एक गृहस्थ, हातात कापडी पिशवी. चष्मा वर-खाली करत पहिलं मॉडेल पूर्ण बघितलं आणि म्हणाले, "बाकी उत्तम. गुदद्वार दाखवायचं राहिलंय." म्हटलं, राहिलं नाही, पिलिडियमला ते नसतंच, कृमीला असतं. चौथं मॉडेल बघा. चौथं बघून आले. "तिथे आहे," म्हणाले. मग परत पहिल्यापाशी गेले, आणि जठराच्या बंद टोकाकडे बराच वेळ बघत उभे राहिले. जाताना, "पाटीवर लिहा तसं. नाहीतर लोक तुम्हाला नावं ठेवतील."

संध्याकाळी पाटी छापून लावली : 'पिलिडियमला गुदद्वार नसते. (विसरलेलो नाही.)'

४ मार्च
मॉडेलं विभागाच्या संग्रहालयात गेली. उरलेलं काम : दुसऱ्या मॉडेलमधली धडाची डावी पिशवी मुलांनी ओढून सैल केलीय, ती चिकटवायची. तंगूस उजव्या कानावर विरळ झालाय. काळ्या पाइपला कोणीतरी करकटकाने नाव कोरलंय, ते तसंच ठेवतोय. मॅडमना आता अंड्याचं विभाजन हवंय, सेरेब्रॅट्युलस या दुसऱ्या रिबन वर्मचं, ज्यावर विल्सन या संशोधकाने १९०० मध्ये काम केलं होतं. त्यात आठ पेशींच्या टप्प्याला वरच्या 'लहान' म्हणवल्या जाणाऱ्या पेशी खालच्या 'मोठ्या' पेशींहून किंचित मोठ्या असतात. काकांना विचारलंय, एप्रिलपर्यंत कारखान्यात एक टेबल मोकळं मिळेल का. पेणचा माल यायला लागलाय, कठीण दिसतं.